ज्याला सर्वांत कमी चालते, त्याने जागा निवडावी

(महिला मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून.)



मंडळाने मला 'आहार आणि आरोग्य' या विषयावर बोलावयास सांगितले होते. परिचारिकेची पदविका मी मुंबईस घेतली आणि पुढची तीस वर्षे या देशातील रुग्णालयांत काढली. त्यामुळे या विषयावर मी काय सांगणार हे तुम्हां सर्वांना आधीच ठाऊक आहे : मीठ कमी, साखर कमी, चालणे जास्त. ते एका वाक्यात सांगून झाले. उरलेल्या वेळात मी बाहेरच्या जेवणाविषयी, विशेषतः तेल अवीवमधील जेवणाविषयी, माझी काही मते मांडणार आहे. हा विषय निवडण्यास कारणही आहे. मंडळाचे वार्षिक स्नेहभोजन यंदा पुन्हा तेल अवीवला ठेवण्याचे घाटत आहे, आणि गेल्या वर्षी त्या बसमधील बऱ्याच जागा रिकाम्या राहिल्या होत्या. ज्या आल्या नाहीत त्यांची नावे मी घेत नाही. त्या का आल्या नाहीत, एवढेच बोलते.

आमच्या मुंबईच्या दिवसांत बाहेर जेवणे हा प्रश्न फारसा नव्हता. मांस खावयाचे ते घरी, आणि तेही हज्जानसाहेबांनी कापलेले. बाहेर खावयाचे ते इराण्याकडचा चहा आणि ब्रून मस्का, नाही तर उडुप्याची इडली आणि डोसा. शिकाऊ परिचारिका असताना रात्रपाळी संपली की आम्ही चौघीजणी उडुप्याकडे जात असू. चौघींपैकी एक गुजराती जैन, एक केरळची ख्रिस्ती, एक कोकणची मुसलमान आणि मी बेने इस्राएल. एका मेजावर चार धर्म बसत आणि कोणालाही उठून जावे लागत नसे. त्यावेळी मला त्यात काही विशेष वाटले नाही. आज वाटते.

तेल अवीवमध्ये मात्र आपण सगळे एकाच धर्माचे असूनही एका मेजावर बसणे अवघड होते. हा विनोद नव्हे. येथील अनेक उपाहारगृहांना तेऊदा, म्हणजे कश्रूतचे प्रमाणपत्र, नसते. शुक्रवारी रात्री आणि शब्बाथला ती उघडी असतात, आणि जो व्यवसाय शब्बाथला उघडा राहतो त्याला रब्बानूतचे प्रमाणपत्र मिळत नाही, मग त्याच्या स्वयंपाकघरात काहीही शिजत असो. शुक्रवारची दुपार आणि शनिवार हे त्या शहरात धंद्याचे सर्वांत मोठे दिवस. ते सोडून जो मालक दाराला कुलूप लावतो, त्याच्याविषयी मला आदर वाटतो. कोकणात आपले पूर्वज तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. त्या नावात थोडी चेष्टा असेल, परंतु त्या नावानेच आपली ओळख टिकवली. तेल अवीवमधील असा प्रत्येक मालक मला शनिवार तेल्याचा भाऊबंद वाटतो, मग तो मोरोक्कोचा असो की पोलंडचा.

आता तेऊदा कसा वाचावा हे सांगते, कारण आपल्यापैकी अनेकजण भिंतीवर चौकट दिसली की समाधान मानतात. १९८३ च्या कायद्यानुसार प्रमाणपत्राशिवाय कोणत्याही उपाहारगृहाला स्वतःला लेखी 'कशेर' म्हणवून घेता येत नाही. म्हणून पाटीवरच्या 'कशेर पद्धतीचे' अशा गोड शब्दांवर जाऊ नये. कागदावर चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, मुदत कोणत्या तारखेपर्यंत आहे. दुसरी, त्यावरील नाव आणि पत्ता याच जागेचा आहे काय. तिसरी, जागा हलवी आहे की बसारी, म्हणजे दूधदुभत्याची की मांसाची. चौथी, साधे कश्रूत आहे की मेहादरीन. पेसाहच्या दिवसांत तर वेगळे प्रमाणपत्र विचारावे. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उपाहारगृहांना आपल्याकडची देखरेख लेखी सांगण्याची थोडी मोकळीक दिली, आणि २०१८ पासून त्सोहर या रब्बींच्या संस्थेनेही देखरेख सुरू केली. ती कोणी मानावी आणि कोणी मानू नये हे मी सांगणार नाही. ते हज्जानसाहेबांना विचारावे. माझे म्हणणे एवढेच की प्रश्न दारातच विचारावा. 'येश तेऊदा?' हे दोन शब्द आहेत, आणि ते विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही. जेवण मागवून झाल्यावर कुजबुजत विचारण्यात मात्र सर्वांचीच अडचण होते.

तरुण मंडळी मला सांगतात, 'सव्ता, तेथे सगळे वीगन आहे, दूध नाही, मांस नाही, मग तुझी हरकत काय?' मुंबईच्या उडुप्याचेच हे नवे रूप आहे असे त्यांना वाटते, आणि त्यात थोडे तथ्यही आहे. परंतु जे कश्रूत काटेकोरपणे पाळतात त्यांच्यासाठी मांस नसणे म्हणजे कशेर असणे नव्हे. पालेभाजीतील कीड पाहिली की नाही, द्राक्षरस कोणाचा, भाजी शिजली ते भांडे पूर्वी कशासाठी वापरले, हे प्रश्न उरतातच. शंभर वेळा विचारूनही ज्याचे मन मानत नाही, त्याला 'एवढे काय त्यात' असे म्हणू नये. मी कोणत्याही रुग्णाला 'एवढेसे तर इंजेक्शन' असे कधी म्हटले नाही. सुई त्याला टोचत होती, मला नव्हे.

आता थोडे खाण्याविषयी, नाही तर हे भाषण निव्वळ नियमांचे होईल.

तेल अवीवमध्ये मला सर्वांत आवडणारा पदार्थ सबीख. पितामध्ये तळलेले वांगे, उकडलेले अंडे, तहीना, कोशिंबीर आणि वर पिवळा आंबट रस. इराकमधून आलेले ज्यू शब्बाथच्या सकाळी थंड वांगे आणि अंडी खात, त्यावरून १९६० च्या दशकाच्या आरंभी रामत गनमध्ये हा पदार्थ रस्त्यावर आला. दुकानातील पोरगा तुम्हांला मोठ्याने विचारतो, 'आंबा?' बंधुभगिनींनो, त्या पोराला माहीत नसते की तो मराठी बोलतो आहे! मुंबई आणि बगदाद यांच्यातील व्यापाराबरोबर कैरीचे लोणचे तिकडे गेले, तेथे त्यात मेथी आणि हळद मुरली, आणि आपला शब्द घेऊन ते येथे आले. पहिल्यांदा हा शब्द ऐकला तेव्हा मी त्या पोराला शुद्ध मराठीत म्हणाले, 'घाल, बाळा, घाल.' त्याने घातला. भाषा कळली नाही, पण अर्थ कळला.

मात्र एक सूचना. त्या आंब्यात मीठ पुष्कळ असते, तसेच ऑलिव्हमध्ये, लोणच्यांत आणि न मागता मेजावर येणाऱ्या दहा-बारा वाट्यांत. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. २०२० पासून या देशात पाकिटबंद खाण्यावर मीठ, साखर किंवा संपृक्त मेद जास्त असल्यास लाल चिन्ह छापणे सक्तीचे आहे. परंतु उपाहारगृहातील वाटीवर कोणीही लाल चिन्ह लावत नाही. ते आपल्या मनातच लावावे लागते. त्या वाट्या आणि गरम पाव पुढ्यात आले की मूळ जेवण येईपर्यंत पोट भरते, आणि मधुमेहाचे सारे गणित बिघडते. माझा उपाय साधा आहे : चार वाट्या ठेवून घ्याव्यात, बाकीच्या परत न्यावयास सांगाव्यात.

ज्या बहिणी जेवणापूर्वीचे जलद इन्सुलिन घेतात त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. घरी ताट पाच मिनिटांत येते, बाहेर पाऊण तास लागू शकतो. घरातून टोचून निघाल्यास वाटेत किंवा मेजावर साखर उतरून घाम फुटतो, हात थरथरतात. बाहेर जेवताना ते केव्हा घ्यावे हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवावे, आणि पर्समध्ये साखरेच्या गोळ्या असाव्यात. रस्त्यावरच्या फळांच्या गाड्यांवर एश्कोलीतचा, म्हणजे ग्रेपफ्रूटचा, रस ताजा काढून देतात. कोलेस्टेरॉलवरच्या आणि रक्तदाबावरच्या काही गोळ्यांशी तो रस जमत नाही, औषधाचा परिणाम नको तितका वाढवतो. तुमची गोळी त्यांपैकी आहे काय हे औषधविक्रेता एका मिनिटात सांगेल. तोपर्यंत डाळिंबाचा घोट घ्या, बिघडले नाही.

भारतीय जेवण तेल अवीवमध्ये आता सहज मिळते. कशेर आणि बसारी असलेल्या भारतीय स्वयंपाकघरापुढे एक पेच असतो : तंदुरी कोंबडी दह्यात मुरवतात, कोर्म्यात मलई घालतात, आणि येथे तर दूध आणि मांस एकत्र चालत नाही. आचारी काय काय युक्त्या करतात हे मी कुतूहलाने पाहते. कोणी सोयाचे दूध घालतो, कोणी काहीच न घालता रंग तेवढा लाल करतो. ज्याने नारळाचे दूध घातले त्याच्याकडे मी पुन्हा जाते. आपल्या आज्यांनी अलिबाग, पनवेल आणि रेवदंड्याच्या चुलींवर हे उत्तर कधीच शोधून ठेवले होते.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

माझ्या कुटुंबात गेली दोन वर्षे बाहेर जेवण्यावरून एक ताण होता. थोरल्या नातवाला जाफाच्या बंदरावर जावयास आवडते, तेथे कोळंबी आणि खेकडे मिळतात. कोळंबीचा वास मला नवा नाही, मुंबईत आमच्या चाळीत तो रोज येई. आम्ही मात्र पापलेट खात होतो. दोन वेळा मी त्याच्या वाढदिवसाला तेथे गेले आणि पाण्याचा पेला घेऊन बसले. तिसऱ्या वेळी मी येणार नाही असे सांगितले. सून म्हणाली, 'आई, तुम्ही आला नाहीत तर वाढदिवस कसला?' मुलगा म्हणाला, 'आई, तू नुसती बसलीस तरी चालेल.' दोघेही प्रेमानेच बोलत होते. परंतु जो माणूस नुसता बसतो तो पाहुणा असतो, घरचा नसतो, हे त्यांना कसे समजावून सांगावे ते मला कळेना.

ते समजावले धाकट्या नातवाने. तो नऊ वर्षांचा आहे आणि त्याला तिळाची ॲलर्जी आहे. या देशात मुलांना होणाऱ्या गंभीर ॲलर्जींमध्ये तिळाचा क्रमांक बराच वरचा आहे, आणि तीळ कोठे नसतो? हुम्मुसमध्ये, तहीनामध्ये, हलव्यात, पावावर, सबीखमध्येही. प्रत्येक उपाहारगृहात त्याची आई पिशवीतून घरचा डबा काढते आणि तो एका कोपऱ्यात मुकाट्याने खातो. त्या दिवशी तो मला म्हणाला, 'सव्ता, तू ये. तू पाणी पी, मी डबा खातो. आपण दोघे एका बाजूला बसू.'

मेजावर दोन बाजू पडल्या होत्या, एक जेवणाऱ्यांची आणि एक न जेवणाऱ्यांची, आणि नऊ वर्षांच्या मुलाने आपली बाजू ओळखली होती. थोरला नातू ते ऐकत होता. तो काही बोलला नाही. दोन दिवसांनी त्याने मला फोन केला आणि विचारले, 'सव्ता, तुम्हां दोघांना चालेल अशी जागा कोणती?'

आम्ही रुग्णालयातील पद्धत वापरली. वॉर्डात ताटांची गाडी येई तेव्हा प्रत्येक ताटावर चिठ्ठी असे : मधुमेह, मीठ वर्ज्य, मऊ अन्न. सर्वांत कडक चिठ्ठी ज्याची, त्याचे ताट आम्ही सर्वांत आधी तपासत असू, कारण चूक झाली तर त्यालाच सर्वांत जास्त भोगावे लागे. आमच्या घरी सर्वांत कडक चिठ्ठी माझी नव्हती, त्या मुलाची होती. मला अशुद्ध चालत नाही, परंतु एक चमचा तहीनाने माझा श्वास कोंडत नाही. म्हणून निवडीचा पहिला हक्क त्याचा, दुसरा माझा. वीगन जागा माझ्यासाठी विचारात घेण्यासारखी होती, पण तेथे तर तहीना पाण्यासारखी वाहते, म्हणून ती बाद झाली. उरली मासळीची एक कशेर जागा. नातवाने आधी फोन करून सर्व विचारले. आम्ही पोहोचलो तेव्हा आचारी स्वतः बाहेर आला, वेगळ्या तव्यावर देनिस मासा भाजीन म्हणाला, आणि वाट्यांपैकी तीळ असलेल्या सर्व मेजावर येण्यापूर्वीच थांबवल्या. धाकट्याने आयुष्यात पहिल्यांदा उपाहारगृहाच्या ताटात जेवण केले. थोरल्याला कोळंबीची आठवण झाली असेल, नाही असे नाही. पण त्याने दोन मासे खाल्ले.

यावरून मी एक नियम मांडते. ज्याला सर्वांत कमी चालते, त्याने जागा निवडावी. ज्याला सर्व काही चालते त्याला कोठेही जेवता येते, त्याचे काहीच बिघडत नाही. ज्याला थोडेच चालते त्याला एकाच ठिकाणी जेवता येते, आणि ते ठिकाण चुकले तर तो उपाशी राहतो किंवा घरी राहतो. आपल्या बसमधील रिकाम्या जागा अशाच होत्या. कोणाला तेऊद्याची शंका होती, कोणाला वरच्या मजल्याचे जिने होते, कोणाला कानातल्या यंत्रामुळे तो संगीताचा गोंगाट सहन होत नव्हता, कोणाला भिंतीवरच्या चौकोनापुढे फोन धरून यादी वाचता येत नव्हती. त्यांनी तक्रार केली नाही. 'गुडघा दुखतो' असे सांगितले आणि त्या घरी राहिल्या. परिचारिकेला गुडघा आणि संकोच यांतला फरक कळतो.

काही छोट्या गोष्टीही सांगून ठेवते. गर्दीच्या वेळी जाऊ नये. आठवड्याच्या मध्यावर दुपारी गेल्यास इस्कीत, म्हणजे ठरावीक दराचे दुपारचे जेवण, स्वस्त पडते आणि शांतताही मिळते. छापील यादी मागावी, बहुतेक ठिकाणी एखादी प्रत आत असते. ध्वनिक्षेपकापासून दूरचे मेज मागावे. बक्षिशी दहा ते पंधरा टक्के द्यावी, आणि शक्य तर रोख, कारण वाढणारी मुले बहुतेक लष्करी सेवा संपवून शिक्षणाचे पैसे जमवीत असतात. मांस खाल्ल्यावर दुधाचा चहा मिळणार नाही म्हणून कपाळावर आठ्या घालू नयेत, पुदिन्याचा चहाही चांगला असतो. आणि ज्यांच्या घरी ॲलर्जीचे मूल आहे त्यांनी ॲड्रेनालिनचे इंजेक्शन दोन मिनिटांच्या अंतरावर नव्हे, हाताशी ठेवावे. ओठ सुजले, श्वास अडला, तर मांडीच्या बाहेरच्या बाजूस ते द्यावे आणि १०१ ला फोन करावा. बरे वाटले तरी रुग्णालयात जावेच.

माझी मंडळाला एक विनंती आहे, आणि ती ठरावाच्या स्वरूपात मांडावी असे मी अध्यक्षबाईंना सुचवते. स्नेहभोजनाच्या नोंदणीपत्रकावर नाव आणि रक्कम यांच्या खाली एक ओळ मोकळी ठेवावी : 'आपणांस काय चालत नाही?' त्यात तेऊदा लिहा, मीठ लिहा, तीळ लिहा, जिना लिहा, गोंगाट लिहा. सर्व कागद जमा झाल्यावर सर्वांत कडक चिठ्ठी कोणाची ते पाहावे आणि मग जागा ठरवावी. कदाचित ती तेल अवीवला सापडणार नाही. मग रमलाला जाऊ, किंवा येथेच सभागृहात नारळाच्या दुधातले मटण करू. भांडी घासावयास मी येते.

बस मात्र भरलेली पाहिजे.